स्वयंपाकघर नव्यानं करताना: कुठे कोणतं साहित्य, आणि शैली कधी ठरवायची

आमच्या सिंकखालच्या कपाटाचा तळ तिसऱ्या वर्षी फुगला. आधी नुसती कड जाड झाल्यासारखी वाटली, मग दार नीट लागेना. शेवटी आतल्या बाटल्या बाहेर काढून फळी बोटानं दाबून बघितली, तर ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. बाहेरून कपाट अजून नवंच दिसत होतं. शटरचा रंग, चकाकी, हँडल, सगळं जसंच्या तसं. तो रंग निवडायला आम्ही तीन महिने घेतले होते. आत कोणती फळी बसवताय, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

ते स्वयंपाकघर आम्ही पुन्हा उभं केलं. या वेळी प्रत्येक वस्तू हातात घेऊन, भिजवून, घासून बघितली. त्यातून जे कळलं ते इथे क्रमानं लिहितोय. तुम्ही पहिल्यांदाच हे काम काढत असाल तर निदान आमच्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. अख्ख्या स्वयंपाकघराला एकच साहित्य निवडायला जाऊ नका. कुठे पाणी सांडतं, कुठे धग लागते, कुठे वाफ जाते, कुठे सुरी चालते, हे बघा आणि त्या त्या जागेपुरतं साहित्य ठरवा. ही काही नवी गोष्ट नाही. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्टमधल्या घरांसाठी जे छोटं स्वयंपाकघर आखलं, त्यालाच आजच्या फिटेड किचनची आई मानतात. त्यात पीठ ठेवायचे खण ओक लाकडाचे होते, कारण ओकमुळे पिठातली कीड दूर राहते असं मानतात. चिरायची फळी बीच लाकडाची होती, कारण त्यावर डाग आणि सुरीचे वळ कमी उठतात. एवढ्याशा खोलीत दोन कामांना दोन वेगळी लाकडं. मला तरी यापेक्षा चांगला धडा कुठे सापडला नाही.

१. आठ दिवस नुसतं बघा

दुकानात जायच्या आधी तुमच्या सध्याच्या स्वयंपाकघराचा एक साधा नकाशा कागदावर काढा. आठवडाभर त्यावर खुणा करत जा. पाणी कुठवर उडतं? भांड्याची वाफ वरच्या कोणत्या कपाटावर आदळते? तेलाचे शिंतोडे भिंतीवर किती उंच जातात? गरम भांडं उतरवून तुम्ही सवयीनं कुठे ठेवता? खिडकीतून ऊन थेट कशावर पडतं? सगळ्यात जड वस्तू कुठे असतात?

आमच्या नकाशात एक गोष्ट दिसली जी कधी लक्षात आली नव्हती. गरम भांडं आम्ही शेगडीच्या डाव्या बाजूला, बरोबर एकाच जागी उतरवत होतो. जुन्या ओट्यावर तिथेच पिवळट गोल डाग पडला होता. नव्या ओट्याचा निर्णय अर्धाअधिक त्या एका गोलानं केला.

या टप्प्याला लागणाऱ्या वस्तू फार नाहीत: पाच मीटरचा टेप, लेव्हल, वही, मोबाइलचा कॅमेरा. भिंतीतल्या पाइपांचे आणि वायरिंगचे जुने फोटो असतील तर शोधून ठेवा. नसतील तर या वेळी भिंत उघडी असताना टेप लावून फोटो काढा, पुढे कधी खिळा मारायचा झाला तर तेच कामी येतील.

२. मापं आधी, साहित्य नंतर

ओट्याची उंची ८५ ते ९० सेंटिमीटर ठेवतात. पण ही सरासरी आहे, तुमच्या पाठीला सरासरीशी देणंघेणं नाही. सरळ उभं राहा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून १० ते १५ सेंटिमीटर वजा करा. घरात सगळ्यात जास्त वेळ जो ओट्यापाशी उभा राहतो, त्याचं माप घ्या. सिंकमध्ये हात तळापर्यंत खाली जातात म्हणून तिथे ओटा थोडा उंच चालतो. शेगडीवर भांड्याची उंची मिळवावी लागते म्हणून तिथे थोडा खाली बरा. एवढं वरखाली करणं जमत नसेल तर मधलं माप धरा.

बाकीची मापं पटकन: ओट्याची खोली ६० सेंटिमीटर, ओटा आणि वरची कपाटं यांत ४५ ते ६०, गॅसच्या शेगडीपासून चिमणी ६५ ते ७५ (नेमका आकडा चिमणीच्या पुस्तिकेत असतो, तोच पाळा). समोरासमोर दोन ओटे असतील तर मधली वाट किमान एक मीटर, दोघं एकदम काम करत असतील तर १२० सेंटिमीटर. खालच्या कपाटांच्या बुडाशी पायाची बोटं आत जातील अशी १० सेंटिमीटर उंचीची खाच हवी. ती नसली की माणूस नकळत पुढे वाकून उभा राहतो आणि संध्याकाळी कंबर बोलते.

सिंक, शेगडी आणि फ्रीज यांच्या त्रिकोणाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात त्यावर काम झालं. तिन्ही बाजूंची बेरीज साधारण ४ ते ८ मीटर असावी असं त्याचं सूत्र. एल किंवा यू आकाराच्या खोलीत ते उपयोगी पडतं. एकाच भिंतीवर सगळं असेल तर त्रिकोण विसरा आणि एवढंच बघा की सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये चिरायला, मांडायला मोकळा ओटा उरतोय.

इथला सापळा: शेगडी, ओव्हन, चिमणी, भांडी धुण्याचं यंत्र हे सगळं कपाटं बनायच्या आधी ठरलेलं हवं. मॉडेल ठरवा आणि त्याचा मापांचा कागद सुताराच्या हातात द्या. «साठ सेंटिमीटरचा ओव्हन» म्हटलं की दोन कंपन्यांची खाच एकसारखी असेल असं मुळीच नाही.

३. आतला सांगाडा: जो दिसत नाही त्यावर आधी पैसे

कपाटाच्या आतल्या पेटीला कार्कस म्हणतात. घर दाखवायला पाहुणा आला तर तो ती कधी बघत नाही, आणि म्हणूनच तिथे काटकसर होते.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा गोंदानं दाबून केलेली फळी. स्वस्त, सपाट, आणि पाण्यापुढे सगळ्यात कच्ची. एकदा फुगली की वाळल्यावरही मूळ जाडीला येत नाही. एमडीएफमध्ये लाकडाचे बारीक तंतू असतात. पृष्ठभाग अगदी गुळगुळीत, त्यामुळे रंगवायच्या शटरला उत्तम. पण कडेनं पाणी प्यायलं की तोही फुगतो, आणि कडेत मारलेला स्क्रू काढून पुन्हा मारला तर धरत नाही. ओलाव्याला टिकणारा, म्हणून हिरवट रंग घातलेला बोर्डही मिळतो. तो बरा, पण «ओलावा सोसणारा» याचा अर्थ «पाण्यात राहणारा» असा नाही. आणि नुसत्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवू नका, रंग कशातही घालता येतो.

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवतात. म्हणून ते कमी वाकतं आणि स्क्रू घट्ट धरतं. इथे खरा प्रश्न गोंदाचा आहे. साध्या प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो सततच्या ओलाव्यात सुटतो. फेनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद उकळत्या पाण्यातही टिकतो. विक्रेत्याला सरळ विचारा: गोंद कोणता, आणि तसा शिक्का फळीवर आहे का? प्लायचा हातभर तुकडा मागून घ्या. आम्ही असा तुकडा तासन् तास पाण्यात उकळला. एका दुकानातल्या तुकड्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उलगडले, दुसऱ्याचा नुसता रंग गडद झाला. दोन्ही तुकड्यांना दुकानात «वॉटरप्रूफ» हाच शब्द वापरला होता.

माझं मत स्पष्ट आहे. सिंकखालचं कपाट, त्याच्या शेजारचं आणि भांडी धुण्याच्या यंत्राला लागून असलेली बाजू, इथे उकळत्या पाण्याला टिकणारं प्लायवूड किंवा स्टेनलेस स्टील. बाकीची खालची कपाटं चांगल्या प्लायची. वरची कोरडी कपाटं ओलावा सोसणाऱ्या बोर्डची चालतील. जाडी बाजूंना १८ मिलिमीटर, पाठीला निदान ६. आणि ८०-९० सेंटिमीटर रुंद फळीवर जड डबे ठेवणार असाल तर मध्ये आधार मागा, नाहीतर वर्षभरात झोल दिसतो.

फॉर्मल्डिहाइडचा वायू अशा फळ्यांतून बराच काळ बाहेर पडत राहतो, नव्या कपाटाचा जो डोळे चुरचुरवणारा वास येतो त्यात तो असतो. त्याच्या मर्यादेसाठी युरोपात ई१ हा वर्ग आहे. फळीवर ई१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा वर्ग लिहिलेला बघून घ्या. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर यावर अजिबात तडजोड करू नका.

फळी कितीही चांगली असो, तिची उघडी कड बंद हवी. एजबँड म्हणतात ती पट्टी यंत्रानं चिकटवलेली असावी. दर्शनी आणि हाताळायच्या कडांना २ मिलिमीटरची पट्टी घ्या. चिकटवायला पीयूआर, म्हणजे पॉलियुरेथेनचा गोंद वापरला तर वाफेत पट्टी सुटत नाही, साधा गरम गोंद धगीजवळ मऊ पडतो. पाइपासाठी सिंकखाली जी भोकं पाडतात त्यांच्या कडाही सिलिकोननं बंद करायला सांगा. आमचं कपाट नेमकं याच भोकातून भिजलं होतं.

४. ओटा: इथे घाई नको

ओट्याला सगळंच सोसायचं असतं. म्हणून इथे प्रत्येक साहित्याचा स्वभाव ओळखून घ्या.

ग्रॅनाइट. खनिजांची कठिणता १ ते १० च्या मोहस् मापानं सांगतात. ग्रॅनाइटमधली खनिजं ६ ते ७ वर बसतात, सुरीचं पोलाद साधारण साडेपाचावर. म्हणजे सुरीनं ओरखडा उठत नाही, उलट सुरीच बोथट होते. धग उत्तम सोसतो. पण तो दगड आहे आणि दगडाला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यामुळे फिकट ग्रॅनाइटला सीलर, म्हणजे छिद्रं बंद करणारा लेप, लावावा लागतो. निवडताना पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खाली गडद डाग पडला तर दगड पाणी पितो. काळा दगड घेताना आणखी एक चाचणी: पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, तो घेऊ नका.

संगमरवर. देखणा, थंडगार, आणि आम्लापुढे हतबल. तो कॅल्साइटचा बनलेला, कठिणता जेमतेम ३. लिंबाचा रस सांडला की पॉलिश खाल्लं जातं आणि तिथे कायमचा निस्तेज ठिपका उरतो. हा डाग नसतो, दगडाचा पृष्ठभागच झिजलेला असतो, त्यामुळे पुसून जात नाही. सीलर डाग अडवतो, आम्ल अडवत नाही. ज्यांना असे ठिपके वयाच्या खुणांसारखे आवडतात त्यांनी जरूर घ्यावा. बाकीच्यांनी कणीक, पेस्ट्री लाटण्यापुरता एक तुकडा बसवून हौस भागवावी.

क्वार्ट्झ, म्हणजे कारखान्यात केलेला दगड. नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी राळ. छिद्रं नाहीत, सीलर नको, सगळे तुकडे एकसारखे. मात्र यातली राळ साधारण १५० अंशांच्या पुढे पिवळी पडते, कधी तडकते. शेगडीवरून उतरलेलं भांडं त्याहून सहज जास्त गरम असतं. थेट ऊन पडत असेल तर फिकट क्वार्ट्झ हळूहळू पिवळसर होतो. आमचा जुना ओटा क्वार्ट्झचाच होता, आणि तो पिवळट गोल गरम भांड्यानं पडलेला.

क्वार्ट्झबद्दल आणखी एक गोष्ट, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. तो कोरडा कापला की सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते आणि कापणाऱ्या माणसाला सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून असा दगड बनवण्यावर, पुरवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण कमी. तुम्ही कोणताही दगड घ्या, पण सिंकची आणि शेगडीची खाच कारखान्यात, पाण्याच्या धारेखाली कापून आणायचं आधीच ठरवा. घरी ग्राइंडर लावून कोरडं कापू देऊ नका, आणि किरकोळ कापायचंच झालं तर पाणी आणि चांगला मास्क याशिवाय नको. तुमचा ओटा होतो म्हणून कुणाचा श्वास जाऊ नये.

पोर्सिलेन किंवा सिंटर्ड स्लॅब. १२०० अंशांच्या आसपास भाजलेला, त्यामुळे गरम भांड्याची फिकीर नाही, आम्लाची नाही, उन्हाचीही नाही. दुखरी जागा म्हणजे कड. जड भांडं कडेवर आपटलं तर टवका उडतो. काहींमध्ये नक्षी फक्त वरच्या थरावर छापलेली असते, कापलेली कड वेगळीच दिसते. कड कशी दिसेल ते नमुन्यावर बघूनच हो म्हणा. बसवणारा अनुभवी नसेल तर हे साहित्य घेऊ नका.

सॉलिड सरफेस म्हणजे अ‍ॅक्रिलिक राळ आणि खनिजाची पूड. सांधा दिसत नाही, सिंकसुद्धा त्यातच ओतल्यासारखं जोडता येतं, ओरखडे घासून काढता येतात. धगीला मात्र नाजूक.

लाकडी ओटा हाताला उबदार लागतो आणि मला सगळ्यात आवडतो. पण सिंकजवळ तो काळा पडतो आणि नियमित तेल मागतो. लॅमिनेटचा (सनमायकाचा) ओटा स्वस्त, पण आतल्या बोर्डची कड उघडी राहते म्हणून त्यात सिंक वरूनच बसवावं लागतं, ओट्याखालून टांगलेलं नाही. स्टेनलेस स्टीलवर ओरखडे पडणारच, ते एकसारखे पडले की छान दिसतात.

वजन विसरू नका. २० मिलिमीटर ग्रॅनाइटचा एक चौरस मीटर पन्नास किलोच्या पुढे जातो. जुन्याच कपाटांवर नवा दगड ठेवायचा विचार असेल तर आधी ती पेलतील का ते तपासून घ्या. आणि सांधा कुठे येणार ते रेखाचित्रात मागा. सिंकच्या बरोबर मध्ये सांधा आला तर तिथे पाणी मुरणार, हे धरून चाला.

आम्ही काय केलं? शेगडीच्या दोन्ही बाजूंना आणि सिंकला ग्रॅनाइट, आणि खिडकीपाशी बसून चिरायच्या जागी लाकूड. दोन्ही एकत्र कसे दिसतील याची धास्ती होती. आता त्या दोन्हींमधली बारीक रेघच सगळ्यांत सुंदर वाटते.

५. शटर: चेहरा आणि त्याचा स्वभाव

लॅमिनेट, ज्याला आपण सरसकट सनमायका म्हणतो, त्यात क्राफ्ट कागदाचे थर फेनॉलिक राळेत भिजवून वर नक्षीचा थर ठेवून उष्णतेत दाबतात. टिकाऊपणात त्याला तोड नाही. कडेला मात्र गडद रेघ दिसते. अ‍ॅक्रिलिक आरशासारखं चकाकतं आणि प्रत्येक बोट लक्षात ठेवतं. पीयू (पॉलियुरेथेन) रंग सलग, बिनसांध्याचा दिसतो, पण टवका उडाला तर घरी दुरुस्त होत नाही. मेम्ब्रेन म्हणजे एमडीएफवर ओढून बसवलेली पीव्हीसीची पातळ कातडी. ओव्हनच्या आणि शेगडीच्या शेजारी ती धगीनं आक्रसते आणि कोपऱ्यातून सोलायला लागते. तिथे नको. व्हीनिअर म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, उन्हात रंग बदलतो, पण दुसऱ्या कशातही तो जिवंतपणा नाही.

लाकडी रेषा असलेलं काही घेत असाल तर फळी कापायच्या आधी सांगा: रेषा उभ्या की आडव्या, आणि एकाखाली एक असलेल्या तीन ड्रॉवरवर त्या सलग जुळायला हव्यात का. कापून झाल्यावर हे सुधारत नाही. सलग जुळवायचं तर फळी जास्त लागते, तेही हिशोबात धरा.

६. भिंत आणि जमीन

शेगडीमागची भिंत सहज पुसता यायला हवी, बाकी काही नाही. छोट्या टाइल देखण्या, पण जितक्या टाइल तितके सांधे. सांध्यात भरायचा सिमेंटचा ग्राउट तेल शोषतो. शेगडी आणि सिंकमागे इपॉक्सी ग्राउट भरा, भरायला किचकट पण डाग घेत नाही. काच लावणार असाल तर टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली हवी, आणि ती टफन केल्यावर कापता किंवा भोक पाडता येत नाही. प्लग पॉइंट कुठे येणार हे काच मागवायच्या आधी पक्कं झालेलं असावं.

जमिनीला ०.५ टक्क्यांहून कमी पाणी शोषणारी पोर्सिलेन किंवा व्हिट्रिफाइड टाइल. चकचकीत नको. घसरण्याला विरोध किती ते आर९ ते आर१३ या श्रेणीत सांगतात, घरच्या स्वयंपाकघराला आर१० बरी. लागते त्यापेक्षा दहा टक्के जास्त घ्या आणि सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे ना ते गाडीतून उतरवतानाच तपासा.

७. बिजागऱ्या, चॅनेल, सिंक

रोज शंभरदा हलतं ते हेच. ड्रॉवर ज्यावर सरकतो ते चॅनेल पूर्ण बाहेर येणारं आणि किती किलो पेलतं ते लिहिलेलं घ्या. खालच्या कपाटांत फळ्यांऐवजी ड्रॉवर करा, गुडघे टेकून मागचं भांडं शोधायची वेळ येत नाही.

सिंकला ३०४ दर्जाचं स्टील मागा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ दर्जात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, ते खाऱ्या पाण्याला लवकर डागाळतं. विक्रेते लोहचुंबक लावून «बघा, चिकटत नाही» असं दाखवतात. पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ दाबून वळवलं की त्या जागी किंचित चिकटू शकतं. म्हणजे या चाचणीनं दोन्हींतला फरक कळत नाहीच. दर्जा बिलावर लिहून घ्या.

८. आता शैली

एवढं ठरल्यावर शैलीचा अर्धा निर्णय आपोआप झालेला असतो, आणि तो तसाच व्हायला हवा. उरलेल्या अर्ध्यासाठी फोटो जमवा, पण प्रत्येक फोटोखाली लिहा की त्यातलं नेमकं काय आवडलं. आम्ही जमवलेल्या चाळीस फोटोंत रंग वेगवेगळे होते आणि जवळजवळ सगळ्यांत एकच गोष्ट होती: खिडकीचा उजेड. मग आम्ही खिडकीसमोरचं वरचं कपाटच काढून टाकलं.

शेकर पद्धतीचं चौकटीचं शटर शांत आणि जुनं न होणारं, पण चौकटीच्या खाचेत तेलकट धूळ बसते, शेगडीजवळ सपाट शटर बरं. बिनहँडलची रचना स्वच्छ दिसते, पण ओल्या हातानं उघडताना हँडलची किंमत कळते. उघड्या फळ्या फक्त रोज वापरात असलेल्या भांड्यांसाठी ठेवा, जे रोज हलत नाही त्यावर चिकट थर साचतो. गडद चकचकीत शटरवर पाण्याचे आणि बोटांचे ठसे सगळ्यात जास्त दिसतात, मधल्या छटेचं मॅट सगळ्यात कमी.

धाडसी रंग हवा असेल तर तो भिंतीला किंवा हँडलना द्या. जमीन आणि ओटा शांत ठेवा. भिंत एका सुट्टीत रंगवता येते, ओटा बदलायचा तर निम्मं घर उखडतं.

९. नमुने घरी आणा

दुकानातला दिवा वेगळा, तुमचा वेगळा. नमुने घरी आणून ओट्यावर एकमेकांना लागून ठेवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. दोन पांढरे रंग दुकानात जुळतात आणि घरी एक निळसर, एक पिवळसर निघतो. दिव्यांची रंग दाखवण्याची क्षमता, सीआरआय, ९० किंवा जास्त असावी, आणि वरच्या कपाटाखाली पट्टीचा दिवा हवाच. नाहीतर चिरताना तुमचीच सावली हातावर पडते.

मग नमुन्यांना छळा. तेल, लिंबाचा रस आणि गडद डाग पाडणारं काहीतरी रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. सुरीनं रेघ ओढा. लॅमिनेटची कड पाण्यात बुडवून ठेवा. विक्रेत्याला वाईट वाटेल म्हणून संकोच करू नका.

१०. कागदपत्रं

काम द्यायच्या आधी हे हातात हवं:

- प्रत्येक भिंतीचं मापांसह रेखाचित्र, तुमच्या आणि त्यांच्या सहीचं
- पाणी, गटार, वीज यांच्या जागांचं वेगळं रेखाचित्र
- प्रत्येक साहित्याचं नाव, कंपनी, कोड आणि जाडी लिहिलेलं कोटेशन, कार्कस आणि शटर वेगळे दाखवलेले
- सगळ्या उपकरणांचे मापांचे कागद
- हमी कशाची, किती वर्षं, आणि पाण्यानं झालेलं नुकसान त्यात धरलंय का
- पैशांचे टप्पे, कामाच्या टप्प्यांशी बांधलेले

कोटेशनमध्ये «किंवा तत्सम» असे शब्द दिसले तर खोडायला सांगा. आमच्या पहिल्या कामात चांगल्या प्लायच्या जागी बोर्ड आला तो याच शब्दांच्या आधारानं, आणि कागदावर आमचीच सही असल्यानं काही बोलता आलं नाही. शेवटचा हप्ता पंधरा दिवस वापरून झाल्यावरच द्या.

११. कामाचा क्रम

तोडफोड, मग पाइप आणि वायरिंग, मग जमीन, मग कपाटांची पेटी, मग ओट्याचं प्रत्यक्ष माप, मग ओटा, भिंतीच्या टाइल, शटर, दिवे. ओट्याचं अंतिम माप कपाटं बसल्यावरच घ्यायचं, कारण कोणतीही भिंत पूर्ण सरळ नसते. गॅसची नळी सरकवायची असेल तर ते काम अधिकृत माणसाकडूनच.

फळ्या घरी आल्या की जोडायच्या आधी शिक्का बघा आणि फोटो काढा. जोडल्यावर तो आत जातो.

शेवटच्या दिवशी सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. खालच्या कपाटात कोरडा कागद अंथरून टॉर्च लावून बघा. अर्ध्या तासानं पुन्हा बघा. कागद कोरडा असेल तर ओटा आणि भिंत यांच्यामधल्या सिलिकोनवरून बोट फिरवा, कुठे खंड पडलाय का ते तपासा. उरलेल्या टाइल, एजबँडचा तुकडा, रंगाचा आणि लॅमिनेटचा कोड, सीलर कोणता लावला ते लिहिलेली चिठ्ठी, हे सगळं एका खोक्यात भरून वरच्या कपाटात ठेवा. मी त्या खोक्यात शटरवर फिरवायचा रंगाचा छोटा डबाही ठेवलाय. दुसऱ्याच महिन्यात लागला.